ऋणमोचनच्या घाटावरील श्रीगाडगेबाबा

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागास लागूनच वऱ्हाड आहे. तेथील अमरावती जिल्ह्यात, शेणगाव येथे, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील व्यसनापायी अकाली वारले. माता मुलास घेऊन दापुरी येथे आपल्या भावाच्या आश्रयास गेली. डेबूजी तेथे गुरे राखू लागला व पुढे कसबी शेतकरी झाला. परंतु निरक्षर मामांची भरभराटीची शेती सावकाराच्या कागदांत गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. कष्ट करणारा दिवसेंदिवस नागवला कसा जातो, हे डेबूजीने पोथीत वाचले नाही, घरातच पाहिले.

इ.स. १९०५ मध्ये त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मातीचे गाडगे. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांस गाडगेबाबा म्हणू लागले. ज्या गावी जावे तेथील रस्ते प्रथम झाडावेत आणि रात्री कीर्तन करावे, हा त्यांचा क्रम. कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत व उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. ऋण काढून सण करू नये, भांडी विकावी लागली तरी मुलांस शिकवावे, हा त्यांचा नित्याचा आग्रह असे.

पूर्णाकाठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. ऋणातून सुटावे म्हणून लोक तेथे स्नानास जात. सावकारीने पोळलेल्या या पुरुषाने नेमके तेच स्थान निवडावे, याचे मला फार नवल वाटते! चिखलातून चढणाऱ्या यात्रेकरूंचे हाल पाहून त्यांनी तेथे घाट उभारविला. अंध, पंगू व महारोगी यांस यात्रेत अन्नदान सुरू केले. धनिकांकडून द्रव्य आणि गरिबांकडून श्रम, असा सर्वांचा हात त्यांच्या कार्यास लागे.

पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातलगांसाठी आसरा झाला. पंढरपुरी अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांस उतरावयास जागा मिळेना, म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधविली. ती १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. लक्षावधी रुपये त्यांच्या शब्दावर जमले. तथापि या इमारतींचे त्यांनी विश्वस्त नेमले आणि आपल्या कुटुंबीयांचा त्यांवर कसलाही हक्क ठेवला नाही. मी पुजाऱ्याचा मुलगा. दानपेटीची किल्ली हाती असणे ही केवढी कसोटी असते, हे लहानपणापासून पाहिले आहे. म्हणून बाबांच्या साऱ्या चरित्रात मला ही गोष्ट सर्वांत कठीण वाटते. स्वतः बाबा देवळाच्या गाभाऱ्यापेक्षा बाहेरच्या भिकाऱ्यांतच अधिक रमत.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीस जात असता वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात, त्यांनी देह ठेवला. समाधी अमरावतीस गाडगेनगरात आहे. पांढुर्ण्याहून वरुड-मोर्शी मार्गे अमरावतीस जाणाऱ्या भाविकांस तेथे सहज जाता येते.