सायकलवीर ओक्ताव लापीझ

फ्रान्स देशाचा सुप्रसिद्ध सायकलपटू ओक्ताव लापीझ हा १८८७ साली जन्मला. १९१० साली 'तूर द फ्रान्स' ह्या देशप्रदक्षिणेच्या शर्यतीत पिरेनीज पर्वताचे उंच घाट प्रथमच घालण्यात आले. २१ जुलै रोजी एका दिवसात ३२६ किलोमीटर जावयाचे होते. घाटाच्या कच्च्या वाटेवर लापीझ पायउतार होऊन सायकल ढकलीत चालला. चालकांस त्याने कठोर शब्दांनी दोष दिला. परंतु वाट सोडिली नाही. तो दिवस त्याने जिंकिला, आणि शेवटी शर्यतही जिंकिली. पुढे महायुद्धात तो लढाऊ विमानाचा वैमानिक झाला. १४ जुलै १९१७ रोजी, फ्रान्सच्या राष्ट्रीय सणादिवशी, शत्रूने त्याचे विमान पाडिले व तो मरण पावला. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. चढणीवर त्याच्या तोंडून तक्रार निघाली, तरी पाय थांबले नाहीत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे असे आम्हांस वाटते.