कूफ्याच्या बाजारातील इमाम

इराकमध्ये फुरात नदीच्या काठी कूफा नावाचे शहर आहे. तेराशे वर्षांपूर्वी हे शहर विद्येसाठी जसे प्रसिद्ध होते, तसेच बाजारपेठेसाठीही होते. याच शहरात इ. स. 699 मध्ये, म्हणजे हिजरी सन 80 मध्ये, नुअमान बिन साबित यांचा जन्म झाला. पुढे लोक त्यांना इमाम अबू हनीफा या नावाने ओळखू लागले. त्यांच्या विद्वत्तेविषयी तुम्ही घरी आणि वर्गात ऐकले असेलच. येथे आपण त्यांच्या दुकानाची माहिती करून घेऊ.

अबू हनीफांच्या घराण्यात कापडाचा व्यापार होता. रेशीम आणि लोकर मिसळून विणलेले भारी कापड ते विकत असत. तरुणपणी त्यांचा सारा वेळ बाजारातच जाई. शाबी नावाच्या एका विद्वानाने या तरुणाची हुशारी ओळखली आणि त्याला विद्वानांच्या सहवासात बसण्याचा सल्ला दिला. अबू हनीफांना तो पटला. हम्माद नावाच्या उस्तादांजवळ त्यांनी सुमारे अठरा वर्षे अध्ययन केले. मात्र दुकान त्यांनी बंद केले नाही. आपल्या कष्टाचे खावे, कोणाच्या दानावर जगू नये, असे त्यांना वाटे.

व्यापार म्हटला की नफा आलाच. नफा घेणे त्यांना गैर वाटत नव्हते. पण गिऱ्हाइकाच्या अज्ञानाचा फायदा घेणे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या चरित्रकारांनी याविषयी काही प्रसंग सांगितले आहेत.

एकदा एक स्त्री रेशमी वस्त्र विकायला घेऊन आली. तिने शंभर दिरहम किंमत सांगितली. अबू हनीफांनी वस्त्र नीट पाहिले आणि त्याची किंमत याहून जास्त आहे असे तिला सांगितले. ती शंभर शंभर वाढवत चारशेपर्यंत गेली. तरीही त्यांचे उत्तर तेच! ते आपली थट्टा करत आहेत असे तिला वाटू लागले. तेव्हा त्यांनी तिला एखादा जाणकार माणूस बोलावून आणायला सांगितले आणि शेवटी ते वस्त्र पाचशे दिरहमला विकत घेतले. गिऱ्हाइकाने किंमत कमी करून मागावी हे आपण रोज पाहतो. पण घेणाऱ्यानेच किंमत वाढवत न्यावी, असा सौदा क्वचितच पाहायला मिळतो.

दुसऱ्या वेळी एक गरीब वृद्धा वस्त्र विकत घ्यायला आली. आपल्याला भावातले काही कळत नाही, तेव्हा तुम्हाला जेवढ्याला पडले तेवढ्यालाच द्या, अशी तिने विनंती केली. अबू हनीफांनी तिच्याकडे फक्त चार दिरहम मागितले. म्हातारीचे चेष्टेवर आणू नका, असे ती रागाने म्हणाली. मग त्यांनी तिला हिशेब समजावून सांगितला. त्यांनी दोन वस्त्रे एकदम विकत घेतली होती. त्यांपैकी एक विकल्यावर दोन्हींच्या खरेदीची रक्कम वसूल झाली होती. फक्त चार दिरहम कमी होते. म्हणून दुसरे वस्त्र त्यांना चार दिरहमलाच पडले होते. हाच हिशेब दुसऱ्या एखाद्या दुकानदाराने केला असता तर? त्याने त्या वस्त्राची पूर्ण किंमत घेतली असती, आणि बाजारात त्याला कोणी नावे ठेवली नसती.

पण या दोन्ही प्रसंगांत गिऱ्हाईक समोर उभे होते. खरी कसोटी लागली ती गिऱ्हाईक निघून गेल्यावर.

हफ्स बिन अब्दुर्रहमान हे अबू हनीफांचे व्यापारातील भागीदार होते. एकदा अबू हनीफांनी त्यांच्याकडे काही माल पाठवला. त्यातील एका वस्त्रात दोष होता. विकताना तो दोष गिऱ्हाइकाला अवश्य दाखवावा, असे त्यांनी हफ्स यांना कळवले होते. हफ्स यांनी माल विकला. पण दोष दाखवायचे ते विसरले. फसवण्याचा त्यांचा हेतू नव्हता. गिऱ्हाइकाची तक्रारही नव्हती, कारण आपल्या वस्त्रात खोट आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. तो कोण, कुठला, हेही कोणाला आठवेना. अबू हनीफांना हे समजले, तेव्हा त्यांनी त्या मालाची सारी रक्कम गरिबांना दान केली. केवळ दोषी वस्त्राची नव्हे, तर सगळ्या मालाची! एका चुकीच्या सौद्यामुळे साऱ्या रकमेवर डाग पडला, असे त्यांना वाटले. हे ऐकून काहींना वाटेल की अशाने व्यापार बुडेल. परंतु तसे झाले नाही. त्यांचे दुकान चालतच राहिले आणि त्यांना नफाही चांगला होत असे.

या नफ्यातून ते विद्वानांना आणि गरीब शागिर्दांना अन्न, वस्त्र आणि पैसा पुरवत. अबू यूसुफ नावाचा त्यांचा एक शागिर्द फार गरीब होता. पोट भरण्यासाठी त्याला शिक्षण सोडावे लागणार होते. अबू हनीफांनी त्याचा खर्च उचलला. हाच मुलगा पुढे खलिफा हारून अल् रशीद यांच्या काळात राज्याचा मुख्य काझी झाला.

अबू हनीफांनी स्वतः मात्र काझीचे पद कधीच स्वीकारले नाही. राज्यकर्त्यांच्या मर्जीने न्याय द्यावा लागेल, अशी त्यांना भीती होती. उमय्या राजवटीच्या सुभेदाराने या नकारासाठी त्यांना फटके मारले. पुढे खलिफा मन्सूर यांनी त्यांना बगदादला बोलावून तोच आग्रह धरला. त्यांनी पुन्हा नकार दिला आणि त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. ज्याचे पोट दरबाराच्या पगारावर अवलंबून नव्हते, त्याला नाही म्हणणे थोडे सोपे गेले असेल. पण त्याची किंमत त्यांनी मोजलीच. इ. स. 767 मध्ये बगदादमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या जनाज्याला प्रचंड गर्दी लोटली होती. बगदादच्या ज्या भागात त्यांची कबर आहे, तो भाग आजही त्यांच्या ‘इमाम आझम’ या पदवीवरून आझमिया या नावाने ओळखला जातो.