ऑर्गनच्या भात्यावर उडालेले विमान

आपल्या चिमुकल्या गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. तापीकाठच्या बऱ्हाणपुराला मात्र नियमित विमानसेवा नाही. एकेकाळी मोगलांच्या दख्खन मोहिमांचे हे मोठे ठाणे होते. मुमताज महलने १६३१ मध्ये शेवटचा श्वास घेतला तो याच शहरात. आज येथून विमान गाठायचे तर जळगाव किंवा इंदूरची वाट धरावी लागते. रावेरच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या या मध्य प्रदेशी शहरातल्या एखाद्या मराठी मुलाला वैमानिक होण्याचे वेड लागले, तर विमानाशी त्याची पहिली ओळख बहुधा घरच्या संगणकावरच व्हायची. मग कोणता संगणक घ्यावा, कोणती दांडी, केवढा पडदा, हे प्रश्न ओघाने आलेच. बाजार त्याला आधी मोठा पडदा दाखवतो. ज्या माणसाने असे यंत्र प्रथम घडवले, त्याच्या यंत्राला मात्र पडदाच नव्हता. एडविन आल्बर्ट लिंक हे त्याचे नाव. त्यांचे आयुष्य समजून घेतले, तर खरेदीचा हा गुंताही बराचसा सुटतो.

लिंक यांचा जन्म २६ जुलै १९०४ रोजी अमेरिकेच्या इंडियाना प्रांतातील हंटिंग्टन येथे झाला. ते सहा वर्षांचे असताना वडिलांनी न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे स्वयंचलित वाद्ये बनवणारा एक बुडीत कारखाना विकत घेतला. पुढे तो लिंक पियानो अँड ऑर्गन कंपनी या नावाने चालू लागला. मूकपटांच्या त्या काळात चित्रपटगृहांना ऑर्गन लागत आणि उपाहारगृहांना आपोआप वाजणारे पियानो. भोके पाडलेली कागदाची गुंडाळी फिरते, भोकातून हवा आत ओढली जाते, झडप उघडते, इवलासा भाता आकसतो आणि पट्टी दाबली जाते, अशी ती रचना. संगीत नाटकांतली पायपेटी आपल्याकडे ज्यांनी पाहिली आहे, त्यांना भाता ही काय चीज आहे हे सांगायला नको. शाळेत फारसे मन न रमलेला एडविन या भात्यांच्या आणि झडपांच्या संगतीत वाढला. हवेच्या दाबाने काय काय हलवता येते, याचे शिक्षण त्याला असे घरबसल्या मिळाले.

१९२० मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याने कॅलिफोर्नियात विमानाचा पहिला धडा घेतला. चार्ली चॅप्लिनचा सावत्र भाऊ सिडनी चॅप्लिन याच्या विमानतळावरचा हा धडा होता आणि त्यासाठी पन्नास डॉलर मोजावे लागले. शिक्षकाने तासभर आकाशात कोलांट्या मारल्या, गिरक्या घेतल्या, पोराला यथेच्छ घाबरवले आणि खाली आणले. त्या तासात एडविनचा हात नियंत्रणदांडीला एकदाही लागला नाही. उडणे शिकवण्याची ही रीत मुळातच चुकीची आहे, अशी त्याची खात्री त्या दिवशी पटली. उड्डाण महाग, चूक प्राणघातक आणि शिकणाऱ्याच्या हाती काहीच नाही, या तिढ्याची उकल शोधण्यात त्याची पुढची काही वर्षे गेली.

१९२७ ते १९२९ या काळात वडिलांच्या कारखान्याच्या तळघरात त्यांनी ते यंत्र उभे केले. आखूड पंखांचे, एका माणसापुरते लाकडी विमान. खाली मधोमध सर्व दिशांना वळणारा सांधा आणि त्याभोवती ऑर्गनचे चार भाते. विद्युत पंप हवा ओढून घेई. आत बसलेल्याने दांडी पुढे-मागे किंवा आडवी केली की झडपा उघडत, भाते फुगत-आकसत आणि नाक वर-खाली होई किंवा एक पंख झुके. पायाखालच्या पट्ट्या दाबल्या की आख्खे धूड स्वतःभोवती वळे. बाहेर आकाश नव्हते, जमीन नव्हती, कसलेही चित्र नव्हते. दांडीला दिलेला हिसका आणि त्याने शरीराला बसलेला धक्का यांचे नाते तेवढे खरे होते. लिंक यांनी सारा जीव ओतला तो या एका गोष्टीत.

१९२९ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३१ मध्ये ते मिळाले. त्या अर्जात प्रशिक्षण आणि करमणूक हे दोन्ही उपयोग नोंदवलेले आहेत, आणि गिऱ्हाईक आले ते मुख्यतः करमणुकीचे. जत्रेतल्या पाळण्यासारखी त्यांची यंत्रे उद्यानांत विकली गेली. लष्कराला त्यात राम दिसेना. याच सुमारास मंदी आली. बोलपट आल्याने ऑर्गनचा धंदा आधीच बसला होता. लिंक यांनी उड्डाणशाळा काढली, भावाला आधी यंत्रात बसवून मग हवेत नेले आणि नेहमीपेक्षा पुष्कळच कमी वेळात एकट्याने उडायला लावले. पोट भरण्यासाठी विमानाच्या पंखाखाली दिव्यांच्या जाहिराती लावून ते रात्री उडत. १९३१ मध्ये त्यांचा विवाह मॅरियन क्लेटन यांच्याशी झाला. वृत्तपत्रात बातमीदार असलेल्या मॅरियन पुढे त्यांच्या उद्योगाच्या कारभारात बरोबरीने उभ्या राहिल्या. त्यांच्याविषयी खरे तर स्वतंत्र लेख लिहायला हवा.

त्यांच्या यंत्राची पत वाढली ती मात्र मृत्यूंमुळे. फेब्रुवारी १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने खासगी कंपन्यांची टपालवाहतुकीची कंत्राटे रद्द केली आणि हवाई टपालाचे काम लष्करी वैमानिकांवर सोपवले. ऐन हिवाळा, रात्रीची उड्डाणे, धुके, बर्फ. हे वैमानिक शूर होते, पण डोळ्यांना दिसेल तेवढेच उडायला शिकलेले. अवघ्या काही आठवड्यांत त्यांच्यातले डझनभर प्राणास मुकले. ढगात शिरल्यावर माणसाचा आतला कान दगा देतो. विमान वळत असताना ते सरळ चालले आहे असे वाटते, आणि ते सावरायला जाणारा हात त्याला आणखी खोल गर्तेत लोटतो. तेथे शरीराला खोटे ठरवून तबकड्यांवर विश्वास ठेवावा लागतो. हा विश्वास सवयीनेच येतो आणि अशी सवय हवेत लावून घेणे म्हणजे जिवाशी खेळ.

लिंक यांनी तोवर आपल्या यंत्रात तबकड्या बसवून वर झाकण घातले होते. लष्करी अधिकारी त्यांना भेटायला नेवार्कला आले तेव्हा हवा इतकी धुकट होती, की लिंक येणार नाहीत असेच अधिकाऱ्यांनी गृहीत धरले. ते मात्र तबकड्यांच्या भरवशावर एकटे उडत आले आणि उतरले. यंत्र काय शिकवू शकते, हे सांगायला यापेक्षा वेगळे व्याख्यान लागले नाही. जून १९३४ मध्ये प्रत्येकी साडेतीन हजार डॉलरला सहा यंत्रे घेतली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे बनली आणि पाच लाखांहून अधिक वैमानिक त्यांतून तयार झाले. निळ्या रंगामुळे सैनिक त्याला निळी पेटी म्हणत. शेजारच्या मेजावर तीन चाकांचे एक खेकड्यासारखे यंत्र नकाशावर शाईने विद्यार्थ्याचा मार्ग रेखी. कोण कुठे भरकटला आणि कागदावर कुठल्या डोंगरात घुसला, हे त्या रेषेवरून कळे. ज्याची ती रेषा असे, तो मात्र झाकण उघडून धडधाकट बाहेर येई.

बऱ्हाणपूरच्या त्या मुलाची खरेदी आता या निळ्या पेटीशेजारी ठेवून पाहावी. त्याने पहिला पैसा हातात येणाऱ्या वस्तूवर घालावा. छोटे सेसना किंवा बोइंग मनात असेल तर दोन्ही हातांनी धरायचे योक, एअरबस असेल तर बाजूची दांडी आणि लढाऊ विमान असेल तर मधली. जे विमान शिकायचे, त्याचीच मूठ हाती असावी. स्वस्त दांड्यांत घासून चालणारे विद्युत संपर्क असतात. यंत्रमागांच्या या शहरात कापसाचा भुगा हवेत तरंगत असतो. तो त्या संपर्कात बसला की मूठ मधोमध असूनही विमान एका बाजूला सरकू लागते. चुंबकीय, म्हणजे हॉल इफेक्ट सेन्सर असलेल्या दांडीत घासणारे काही नसते. थोडे जास्त पैसे पडले तरी तीच घ्यावी. आपल्याकडे गोव्यात भुग्याऐवजी खारी, दमट हवा आहे. निष्कर्ष तोच निघतो.

पुढचा पैसा पायांसाठी. मूठ पिळून रडर फिरवण्याची सोय पुष्कळ दांड्यांत असते, आणि सुरुवातीला तिच्यावर भागतेही. पण धावपट्टीवर विमान वळवायचे पायांनी आणि आडव्या वाऱ्यात उतरताना नाक सरळ करायचे तेही पायांनी. हातापायांची ही वाटणी एकदा चुकीची मुरली, की मोडायला फार जड जाते. मग थ्रॉटल घ्यावे. हे सारे मेजाला आणि जमिनीला घट्ट आवळलेले असावे, नाहीतर ऐन उतरण्याच्या वेळी पेडल पलंगाखाली निघून जातात.

संगणक यानंतर. हवेचा प्रवाह, इंजिन, हवामान या साऱ्याचे गणित प्रोसेसरवर चालते आणि त्यातला मोठा भाग एकाच कोअरवर पडतो. म्हणून कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग पाहावा. आजच्या मोठ्या सिम्युलेटरांना ३२ जीबी मेमरी आणि एसएसडी असलेली बरी. ग्राफिक्स कार्ड पडद्याच्या मापाने निवडावे. अवाढव्य पडदा घेतला की कार्डाचा खर्च आपोआप फुगतो. सेकंदाला स्थिर तीस चित्रे मिळाली तरी हात बसतो. साठावरून वीसवर कोसळणाऱ्या चित्रांत मात्र तो कधीच बसत नाही. बऱ्हाणपूरचा मे महिना भाजून काढणारा असतो, तेव्हा मोकळी, पुसता येणारी जाळी असलेली कॅबिनेट आणि यूपीएस यांवर काटकसर करू नये. सॉफ्टवेअर विकतच घ्यावे असेही नाही; फ्लाइटगिअर फुकट मिळते. मात्र घरच्या अशा यंत्रावरचे तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत, हे आईवडिलांनी आधीच जाणून घ्यावे.

लिंक यांनी १९५४ मध्ये आपली कंपनी जनरल प्रिसिजन या उद्योगसमूहात विलीन केली. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांची सिम्युलेटरे पुढे याच लिंक विभागात बनली. स्वतः लिंक मात्र समुद्राकडे वळले. १९५९ मध्ये जमैकातील पोर्ट रॉयल या भूकंपात बुडालेल्या नगराचा त्यांनी शोध घेतला. १९६२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्यांनी बनवलेल्या नळकांड्यातून रोबेर स्तेन्युई हा पाणबुड्या दोनशे फूट खोलीवर चोवीस तासांहून अधिक काळ राहिला. त्याआधी लिंक स्वतः त्याच नळकांड्यातून साठ फुटांवर उतरून आले होते. वय होते अठ्ठावन्न.

१९७१ मध्ये त्यांची जॉन्सन सी लिंक ही छोटी पाणबुडी पाण्यात उतरली. १७ जून १९७३ रोजी फ्लोरिडातील की वेस्टजवळ ती तळाशी बुडवलेल्या एका जुन्या युद्धनौकेच्या तारांत अडकली. आत चौघे होते. पुढच्या पारदर्शक गोलातले दोघे वाचले. मागच्या ॲल्युमिनियमच्या खोलीत थंडी इतकी वाढली, की श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे रसायन निकामी होत गेले. पाणबुडी वर यायला एक दिवसाहून अधिक वेळ लागला. त्या खोलीत अल्बर्ट स्टोव्हर आणि लिंक यांचा एकतीस वर्षांचा मुलगा क्लेटन या दोघांचा अंत झाला. लाखो परक्या मुलांना जमिनीवर बसून चुका करण्याची मुभा ज्यांनी मिळवून दिली, त्यांच्या मुलाला समुद्रतळाशी ती मिळाली नाही.

लिंक थांबले नाहीत. पुढची दोन वर्षे त्यांनी अडकलेल्या पाणबुडीपर्यंत माणसावाचून पोहोचेल, तारा कापेल आणि वर चित्र पाठवेल अशा बचावयंत्राच्या रचनेत घालवली. ते यंत्र केबलच्या टोकाला बांधलेले असे आणि वर जहाजावर बसलेला माणूस ते चालवी. ७ सप्टेंबर १९८१ रोजी बिंगहॅम्टन येथे त्यांचे निधन झाले. तेथील विमानतळाच्या धावभूमीला त्यांचे नाव आहे. वडिलांच्या कारखान्यातला, त्यांनी उतारवयात दुरुस्त करून दिलेला एक ऑर्गन त्याच शहरातल्या रॉबर्सन संग्रहालयात ठेवलेला आहे.