वाँटेजची विद्यार्थिनी : पंडिता रमाबाई

आपली मंडळी आज भारतभर पसरलेली आहे, आणि परदेशी शिकावयास गेलेला मुलगा किंवा मुलगी नाही असे कुटुंब आपल्यात शोधूनच काढावे लागेल. त्यांच्या पहिल्या फोनमध्ये थंडीचे, जेवणाचे आणि एकटेपणाचे वर्णन असते. असा फोन ठेवल्यावर पंडिता रमाबाईंचे इंग्लंडमधील दिवस मला हमखास आठवतात. मुक्तिसदनाच्या रमाबाई, पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करणाऱ्या रमाबाई आपणांस चांगल्या ठाऊक आहेत. परंतु पंचवीस वर्षांची, परक्या देशात चाचपडणारी विद्यार्थिनी रमा आपण फारशी पाहिलेली नाही.

१८८३ च्या एप्रिलमध्ये त्या मुंबईहून बोटीत बसल्या, तेव्हा त्यांच्यामागे काय काय घडून गेले होते ते ध्यानात घ्या. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले होते. पुढे भाऊ गेला. १८८२ मध्ये पटकीने पती बिपिनबिहारी मेधावी यांचाही अंत झाला. कडेवर दोन वर्षांची मनोरमा होती, आणि सोबतीला आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. प्रवासाचा खर्च त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाने राहण्याजेवण्याची व्यवस्था केली, ती एका कराराने : भगिनींनी रमाबाईंना इंग्रजी शिकवावे आणि रमाबाईंनी भारतात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे. हा तपशील लहान वाटेल, पण तो विसरू नका. रमाबाई तेथे आश्रित म्हणून गेल्या नव्हत्या.

त्यांना वैद्यकीय शिक्षण घ्यावयाचे होते. भारतातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची केवढी निकड आहे, हे त्यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढील साक्षीत सांगितले होते. पण इंग्लंडात आल्यावर त्यांची श्रवणशक्ती क्षीण होत असल्याचे स्पष्ट झाले आणि तो मार्ग बंद झाला. ज्या हेतूने सात समुद्र ओलांडले तोच हेतू पोहोचताच हातून निसटला. परक्या भाषेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ऐकू कमी येणे म्हणजे काय, याची कल्पना आपणच करावी.

त्याच वर्षी त्याहून मोठा आघात झाला. आपल्याला बळजबरीने ख्रिस्ती करतील या भयाने आनंदीबाईंचे मन ढळले, आणि त्यांनी स्वतःचा अंत करून घेतला. तेथे आपल्या मुलखातील दुसरे कोणी नव्हते. रमाबाई इतक्या हादरल्या की ऑक्सफर्डला प्राध्यापक मॅक्स मुल्लर यांच्या घरी त्या राहिल्या तेव्हा रात्री त्यांच्या खोलीत सोबतीस मोलकरीण झोपवावी लागे.

मात्र या अंधाऱ्या महिन्यांतच त्यांना काही दिसलेही होते. लंडनच्या फुलहॅम भागात भगिनींचे एक आश्रयगृह होते. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथे प्रेमाने शुश्रूषा होई, आणि त्यांतील कित्येकींचे आयुष्य समूळ पालटले होते. अशा स्त्रियांविषयी कठोर शास्त्रवचनेच ऐकत आलेल्या रमाबाईंना याचे कारण विचारल्यावाचून राहवेना. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. नीळकंठशास्त्री उर्फ फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाने बुद्धीचे समाधान केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथे बहुतेक चरित्रकार थांबतात. मला वाटते, विद्यार्थिनीची खरी कसोटी पुढेच लागली.

१८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात दाखल झाल्या. प्राचार्या डोरोथिआ बील यांच्या हाताखाली त्या गणित, विज्ञान व इंग्रजी साहित्य शिकत आणि संस्कृत शिकवीत. पोशाख पांढऱ्या लुगड्याचा, आहार शाकाहारी. अंडे घातलेले पुडिंगही त्या खात नसत. त्यांच्या आत्मिक माता सिस्टर जेराल्डीन यांना यात जातीचा जुना अभिमान दिसे. रमाबाईंचे म्हणणे असे की, खाण्याच्या सवयीत तारणाला बाधक असे काहीच नाही. क्रूसावरील शब्द लॅटिनमध्ये असावेत की संस्कृतमध्ये, यावरही मतभेद झाला. लॅटिन ही संस्कृतहून अधिक पवित्र कशी, हे रमाबाईंना कळेना. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा भारतातील बिशपांनी आक्षेप घेतला. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांसमोर व्याख्याने दिली होती, तिला हे बंधन विलक्षण वाटले तर नवल काय? त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्या प्रश्नामागून प्रश्न विचारीत. मनोरमेला काय शिकवावे, हाही वादाचा विषय झाला. आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला पटल्याखेरीज केवळ अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून मान्य करावयाचे नाही, यावर त्या ठाम राहिल्या.

सिस्टर जेराल्डीन यांना दोष देणे आज सोपे आहे. पण त्या माउलीने या लेकीची मनापासून चिंता वाहिली. स्वतः इंग्लिश असल्यामुळे आपल्या चालीरीती कोणत्या आणि प्रभूची आज्ञा कोणती, ही सीमारेषा त्यांना नेहमी दिसत नसे, इतकेच. आपल्यापैकी किती जणांना ती दिसते? घरी आलेल्या नवख्रिस्ती पाहुण्याच्या ताटात काय वाढावे, यावरून आपल्याकडेही रुसवेफुगवे झालेले मी पाहिले आहेत.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई मनोरमेसह अमेरिकेस निघाल्या. त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी ११ मार्चला फिलाडेल्फियात डॉक्टर होणार होत्या, त्या समारंभासाठी. जे शिक्षण रमाबाईंना मिळाले नाही ते दुसरीला मिळालेले पाहण्यास त्या महासागर ओलांडून गेल्या. पुढे अमेरिकेत कामाचा व्याप वाढल्यावर लहानग्या मनोरमेला कोणाकडे सोपवावे हा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी तिला वाँटेजलाच पाठविले, ज्यांच्याशी इतके भांडण झाले त्याच भगिनींकडे. सिस्टर जेराल्डीन यांनीही रमाबाईंची सारी पत्रे, स्वतःला बोचणारीसुद्धा, जपून ठेवली. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो पत्रव्यवहार इंग्रजीत प्रसिद्ध केला. तो मिळवून वाचा, आणि परदेशी असलेल्या आपल्या लेकरालाही पाठवा.