मागच्या रांगेतली गिटार

आमच्या घरी कपाटावर एक गिटार पस्तीसेक वर्षे पडून होती. दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आठवडाभर बँकेत नोकरी आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार, असा त्याचा क्रम होता. कोलकात्याला बनलेली, पोकळ पोटाची, वरच्या फळीला व्हायोलिनसारख्या दोन खाचा असलेली ती साधी गिटार त्याने पगारातून पैसे साठवून घेतली होती. स्टेजवर त्याची खुर्ची कायम मागच्या रांगेत. पुढे गायक, ॲकॉर्डियन, बोंगो-कोंगो. त्या गदारोळात दादाची गिटार मला कधी ऐकूच आली नाही. हात हलताना दिसायचा, एवढेच. १९८९ साली दादा गेला तेव्हा त्याची मुलगी दीड वर्षाची होती.

या पुतणीने गेल्या दिवाळीत ती गिटार खाली उतरवली आणि तिच्या फळीला भोक पाडून पिकअप बसवायचा म्हणाली. जॅझची चांगली परदेशी गिटार घ्यायची तर लाखाच्या पुढे जावे लागते. हीच सुधारून घेतली तर थोडक्यात काम होईल, असा तिचा हिशेब. मी साफ नाही म्हटले. दादाच्या वस्तूवर करवत चालवायची कल्पनाच मला सहन होईना. तिने वाद घातला नाही. दादाच्या खोक्यातली एक जुनी कॅसेट माझ्यापुढे ठेवली. त्यावर दादाच्या अक्षरात एकच नाव होते, चार्ली ख्रिश्चन. या माणसाबद्दल मी मग मिळेल तिथून वाचत गेलो.

चार्ली जन्मला २९ जुलै १९१६ रोजी, अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या बॉनम गावी, एका कृष्णवर्णीय कुटुंबात. तो लहान असतानाच कुटुंब ओक्लाहोमा सिटीत आले. वडिलांची दृष्टी गेली होती. मुलांना बरोबर घेऊन ते सधन वस्त्यांतून गिटार वाजवत फिरत आणि त्यावर चूल पेटे. पुढे वडील वारले आणि त्यांच्या गिटारी चार्लीकडे आल्या. शाळेत हस्तकलेच्या तासाला हा मुलगा सिगारच्या रिकाम्या खोक्यांच्या गिटारी करायचा, अशी आठवण त्याच शाळेत शिकलेले आणि पुढे ‘इन्व्हिजिबल मॅन’ या १९५२ सालच्या कादंबरीने गाजलेले राल्फ एलिसन यांनी लिहून ठेवली आहे. चार्लीला खरी ओढ होती सॅक्सोफोनची. एकेक सूर लांबवत, गाण्यासारखी बोलणारी ती फुंकवाद्ये त्याच्या कानात बसली होती.

पण गिटारला असे बोलायची सोयच नव्हती. त्या काळच्या जॅझ वाद्यवृंदात पंधरा-सोळा जण असत. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्यापुढे गिटारचा आवाज तो काय? गिटारवाल्याने मागे बसून ठेका धरायचा, इतकेच त्याचे काम. माझा दादा ज्या खुर्चीवर बसायचा, तीच ही खुर्ची.

ही परिस्थिती पालटली ती १९३६ साली. मिशिगन राज्यातल्या कलमझू शहरात गिब्सन कंपनीने ईएस-१५० नावाची विजेवर चालणारी पोकळ गिटार बाजारात आणली. ॲम्प्लिफायरसह सगळा संच साधारण १५० डॉलरला मिळे, त्यावरूनच हे नाव पडले असे सांगतात. कंपनीच्या नक्षीदार, महागड्या गिटारींपुढे ही अगदी साधी. वेगळेपण होते ते तारांखालच्या एका पोलादी पट्टीत. त्या पट्टीला फळीच्या आतून दोन मोठी लोहचुंबके जोडलेली, भोवती बारीक तारेचे वेटोळे. गिटारची पोलादी तार थरथरली की त्या वेटोळ्यात किंचित वीज निर्माण होते आणि ॲम्प्लिफायर ती वाढवून आवाजात बदलतो. यालाच पिकअप म्हणतात. चुंबके चांगलीच वजनदार. त्यांच्या भाराने फळी दबून जाई आणि लाकडाची नैसर्गिक घुमारी कमी होई. थोडक्यात, लाकडाला भोक पाडून, त्याचा स्वतःचा आवाज थोडा मारूनच हा नवा आवाज मिळवलेला होता. इथे मी वाचता वाचता थांबलो.

१९३७ च्या सुमारास एडी डरहॅम या वादकाकडून चार्लीला विजेच्या गिटारची ओळख झाली आणि त्याने तीच धरली. ती घेऊन त्याने मोठा आवाज केला नाही. सॅक्सोफोनसारखी लांब, सलग, एका दमात बोलल्यासारखी सुरावट वाजवायला सुरुवात केली. पियानोवादक मेरी लू विल्यम्स यांनी त्याचे नाव जॉन हॅमंड या जाणत्या निर्मात्याच्या कानावर घातले. हॅमंडने १९३९ च्या ऑगस्टमध्ये त्याला लॉस एंजेलिसला, क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्याकडे धाडले.

गुडमन तेव्हा अमेरिकेत घराघरांत पोचलेले नाव होते. भडक कपड्यांतला, विजेची गिटार घेऊन आलेला हा पोरगा त्यांना काही पसंत पडला नाही. त्या रात्री व्हिक्टर ह्यूगो नावाच्या उपाहारगृहात त्यांचा कार्यक्रम होता. ते जेवायला गेल्याचे पाहून हॅमंडने चार्लीला मागच्या वाटेने स्टेजवर बसवले. गुडमन परतले ते चिडूनच. याला येणार नाही अशा हिशेबाने त्यांनी ‘रोझ रूम’ हे गाणे सुरू केले. चार्लीची पाळी आली आणि तो वाजवतच राहिला. एरवी तीन-चार मिनिटांत आटपणारे ते गाणे त्या रात्री चाळीस मिनिटांहून अधिक चालले, असे सांगतात. रात्रीला अडीच डॉलर मिळवणारा चार्ली आठवड्याला दीडशे डॉलरचा वादक झाला. म्हणजे एका आठवड्याच्या कमाईत त्याच्या गिटारचा सगळा संच यावा!

गुडमन यांच्या छोट्या ताफ्यात गोरे आणि काळे वादक एकत्र वाजवत. त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. १९३९ च्या नाताळात चार्ली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवत होता. रात्री गुडमन यांचे काम आटोपले की तो हार्लेम वस्तीतल्या मिंटन्स प्लेहाऊसमध्ये जाई. तिथे थेलोनियस मंक, केनी क्लार्क, डिझी गिलेस्पी ही तरुण मंडळी पुढे बीबॉप म्हणून ओळखल्या गेलेल्या संगीताची जुळवाजुळव करत होती. १९४१ च्या मे महिन्यात जेरी न्यूमन या विद्यार्थ्याने आपले तबकडी-मुद्रणयंत्र तिथे नेले, म्हणून त्यातल्या काही मैफली आज ऐकायला तरी मिळतात.

पण जागरणे वाढत गेली आणि अंगात क्षय होता. आपल्याकडच्या जुन्या पिढीला मिरजेच्या सॅनिटोरियमचे नुसते नाव काढले तरी पोटात गोळा यायचा. न्यूयॉर्कमधल्या स्टेटन बेटावरच्या रुग्णालयाचीही तीच गत. १९४१ च्या जूनमध्ये चार्ली तिथे दाखल झाला तो परत आला नाही. २ मार्च १९४२ रोजी वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडले. सगळे देशाला ऐकू आले ते उणीपुरी दोन वर्षे. बॉनम गावातल्या त्याच्या कबरीवर तर नावाचा दगडही नव्हता. तो लागला १९९४ साली. पण त्याच्या मागून आलेल्या जवळपास प्रत्येक जॅझ गिटारवाल्याने मागच्या रांगेतली खुर्ची सोडून पुढे येणे त्याच्याकडून घेतले, आणि त्या पोलादी पट्टीच्या पिकअपला आजही जगभर त्याचेच नाव आहे.

हे सगळे वाचल्यावर मी पुतणीला फोन केला.

काम एका जुन्या कारागिराने केले. चार्लीच्या नावाचा पिकअप परवडेना, म्हणून साधाच घेतला. त्याने फळीखालच्या लाकडी पट्ट्या बोटांनी चाचपून भोकाची जागा ठरवली, कारण त्या पट्ट्या कापल्या तर फळी खचते. गिटारचे पोट काही उघडता येत नाही. मग आवाजाची बटणे आत कशी न्यायची? त्याने बटणांना दोरा बांधला आणि लेंग्यात नाडी ओवावी तसा तो खाचेतून आत घालून पलीकडच्या भोकातून अलगद ओढून घेतला. पोकळ गिटार ॲम्प्लिफायरसमोर मंगल कार्यालयातल्या माईकसारखी किंचाळते, म्हणून खाचांत आतून स्पंज बसवला. तारा जाड, गुळगुळीत घातल्या. करवत चालली तेव्हा मी बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिलो.

घरी आल्यावर पुतणीने दादाची वही उघडली. त्यात ऑर्केस्ट्राच्या गाण्यांचे कॉर्ड त्याने ओळीने लिहून ठेवले आहेत. तिने पहिलेच पान वाजवायला घेतले. साधा ठेका, पण दर दोन ओळींनंतर एक छोटीशी, कुणी सांगितली नसताना घातलेली जागा. वहीत तीही दादाच्या अक्षरात होती.

इतक्या वर्षांपूर्वी मांडवातल्या मागच्या रांगेत बसून दादा काय वाजवत होता, ते मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकू आले.