खुडूक कोंबडी आणि काचेतलं बाळ

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, नवजात शिशू विभागाच्या बाहेर बसलेले नातेवाईक गावाकडे फोन करून एकच वाक्य सांगतात, की बाळाला काचेत ठेवलंय. त्या वाक्यात भीती असते आणि थोडी आशाही असते. याच शहरात पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथेही बंद पेट्या आहेत, तापमान दाखवणारे काटे आहेत आणि आत ऊब आहे. एका पेटीतून कोंबडीची पिले बाहेर पडतात, तर दुसऱ्या पेटीतून आईच्या कुशीत जाण्याइतके बळ आलेले बाळ. या दोन पेट्या नात्याने बहिणी आहेत. त्यांचे नाते जोडणारा माणूस म्हणजे पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. स्तेफान तार्निये.

तार्निये यांचा जन्म २९ एप्रिल १८२८ रोजी फ्रान्समधील दिजाँ शहराजवळच्या एझेरे या खेड्यात झाला. वडील खेड्यापाड्यांत फिरणारे डॉक्टर होते. शाळा दिजाँमध्ये झाली आणि वैद्यकीय शिक्षणासाठी तार्निये पॅरिसला आले. १८५६ साली ते मातेर्निते या मोठ्या प्रसूतिगृहात शिकाऊ डॉक्टर म्हणून रुजू झाले. एका जुन्या मठाच्या इमारतीत हे प्रसूतिगृह भरत असे. गरीब बायका तिथे बाळंतपणासाठी येत आणि त्यांपैकी कित्येक जणी परत जात नसत.

त्या काळी बाळंतपणानंतर ताप येई, पोट फुगे आणि दोन-चार दिवसांत धडधाकट बाई दगावे. या सूतिकाज्वराचे खापर हवेवर, ऋतूवर, बाईच्या मनःस्थितीवर फोडले जाई. तरुण तार्निये यांनी हवेचा विचार बाजूला ठेवून आकडे मांडायला सुरुवात केली. प्रसूतिगृहातील मृत्यू आणि त्याच भागात घरी बाळंत झालेल्या बायकांचे मृत्यू त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. हवा तीच, ऋतू तोच, वस्तीही तीच. तरीही रुग्णालयातले मृत्यू घरच्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त निघाले. मग दोष हवेचा कसा? हा ताप एका बाईकडून दुसरीकडे पसरतो, म्हणजेच तो संसर्गजन्य आहे, असा निष्कर्ष त्यांनी १८५७ च्या प्रबंधात मांडला.

व्हिएन्नामध्ये सेमेलवाईस यांनी दहा वर्षे आधी याच रोगावर हात धुण्याचा उपाय सांगितला होता आणि त्यांना मिळाली ती बहुतांशी अवहेलना. पॅरिसच्या ज्येष्ठांनाही तार्निये यांचे म्हणणे पटले नाही. रोग पसरतो हे मान्य केले, तर तो पसरवणारे हात डॉक्टरांचे आहेत हेही मान्य करावे लागणार होते. सूतिकाज्वर झालेल्या स्त्रियांच्या स्रावांमध्ये साखळीसारखे दिसणारे जंतू असतात, हे लुई पाश्चर यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीत दाखवले ते १८७९ साली. पाश्चर तेव्हा कोंबड्यांच्या कॉलऱ्यावरही काम करत होते. माणसाचे आणि कोंबडीचे दुखणे एकाच प्रयोगशाळेत अभ्यासले जाण्याचा तो काळ होता.

१८६७ साली तार्निये मातेर्नितेचे मुख्य शल्यचिकित्सक झाले. अधिकार हाती येताच त्यांनी आजारी आणि निरोगी बाळंतिणींना वेगळे केले. एकीची सेवा करणाऱ्यांनी दुसरीला हात लावायचा नाही, असा नियम घातला. १८७६ साली त्यांच्या कल्पनेप्रमाणे एक स्वतंत्र दालन उभे राहिले. त्यात प्रत्येक बाळंतिणीला वेगळी खोली होती आणि खोलीचे दार थेट बाहेर उघडत असे, म्हणजे एका खोलीतला रोग दुसरीत जायला वाटच उरत नव्हती. पुढे कार्बोलिक आम्लासारख्या जंतुनाशकांचा वापरही सुरू झाला आणि बायकांचे मरण झपाट्याने कमी झाले. अडलेल्या प्रसूतीसाठी त्यांनी १८७७ साली नव्या घडणीचा चिमटा तयार केला. ओढण्याची दिशा आईच्या कटीच्या वळणाशी जुळेल अशी त्याची रचना होती. तो जगभर त्यांच्या नावाने ओळखला गेला.

आया वाचू लागल्या, पण बाळांचे काय? सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेली, मुठीएवढ्या डोक्याची बाळे कापसात गुंडाळून शेगडीजवळ ठेवली जात आणि हळूहळू गार पडत. अशी बाळे जगायची नसतातच, असे डॉक्टरही धरून चालत. त्यातच १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सचा पराभव झाला होता. देशात जन्म कमी होत असल्याची चिंता राज्यकर्त्यांना सतावू लागली. प्रत्येक बाळाचा जीव अचानक मोलाचा झाला.

पॅरिसच्या जार्दँ दाक्लिमातास्योँ या प्राणिसंग्रहालयाने त्याच युद्धात फार वाईट दिवस पाहिले होते. शहराला वेढा पडला आणि अन्न संपले, तेव्हा तिथले प्राणी खाटकांना विकले गेले, हत्तीसुद्धा. युद्धानंतर संग्रहालय पुन्हा उभे राहिले. १८७८ च्या सुमारास तार्निये तिथे गेले असता त्यांना अंडी उबवण्याची यंत्रे दिसली. कोंबडीशिवाय, नुसत्या कोमट पाण्याच्या उबेवर अंड्यांतून पिले बाहेर येत होती आणि तशाच उबेत वाढत होती. हजारो लोकांनी ती गंमत म्हणून पाहिली असेल. तार्निये यांना मात्र त्या पेटीत आपल्या वॉर्डातली गार पडणारी बाळे दिसली.

कृत्रिम उबेवर अंडी उबवण्याची विद्या नवी नव्हती. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या भट्ट्यांतून हजारो अंडी एकाच वेळी उबवली जात. तिथले जाणकार अंडे पापणीला लावून त्याची ऊब जोखत. फ्रान्सच्या रेओम्यूर यांनी १७४९ साली यावर ग्रंथ लिहिला आणि अंदाजाच्या जागी तापमापक आणला. आपल्याकडे खेड्यातली आजी खुडूक कोंबडी हेरून तिला रवणीवर बसवते, तेव्हा तीही हेच शास्त्र पाळत असते. कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस लागतात. यंत्रात साधारण साडेसदतीस अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते. हवा कोरडी पडली तर अंड्यातले पाणी जास्त उडते आणि पिलू कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटते, म्हणून ओलावा हवा. पहिले अठरा दिवस अंडी रोज अनेकदा फिरवावी लागतात, नाहीतर गर्भ एका बाजूला चिकटून मरतो. शेवटचे तीन दिवस फिरवणे थांबवतात आणि ओलावा वाढवतात. कोंबडी हे सारे पोटाच्या उबेने आणि चोचीने करते.

पिलू बाहेर आले म्हणजे काम संपले असे होत नाही. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ते दोन-तीन दिवस तग धरू शकते, पण स्वतःची ऊब राखणे त्याला लगेच जमत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात पिलांखाली सुमारे पस्तीस अंश तापमान ठेवतात आणि पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी उतरवत नेतात. पिले दिव्याखाली एकमेकांवर चढून गर्दी करू लागली तर त्यांना थंडी वाजते आहे. दूर कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकू लागली तर उष्णता जास्त झाली आहे. सारखी पसरून दाणे टिपत असतील तर सारे ठीक आहे.

अपुऱ्या दिवसांचे बाळ या पिलासारखेच असते. त्याच्या वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा असतो, त्यामुळे ऊब भराभर निघून जाते. त्वचेखाली चरबी नसते. जन्मतः बाळाला गरम ठेवणारी तपकिरी चरबी गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत साठते, तीही त्याच्याकडे तुटपुंजी असते. बाळ गार पडले की साखर संपते, श्वास अडखळतो, दूध ओढण्याचे बळ जाते. पिलू निदान दिव्याकडे धावते, बाळाला तेही करता येत नाही.

संग्रहालयासाठी यंत्रे बनवणाऱ्या ओदिल मार्तँ यांना तार्निये यांनी बाळांसाठी पेटी करायला सांगितली. १८८० साली ती मातेर्नितेत आली. दुहेरी भिंतींची लाकडी पेटी, दोन भिंतींमध्ये भुसा, खालच्या कप्प्यात गरम पाण्याची टाकी, वरच्या कप्प्यात बाळे आणि त्यावर काचेचे झाकण. खालून आत शिरणारी हवा पाण्याजवळ तापे, वर चढून बाळांभोवती फिरे आणि वरून बाहेर पडे. मात्र पाणी जास्त तापले की पेटीही जास्त तापे, म्हणून काट्यावर सतत नजर ठेवावी लागे. पुढे गरम पाण्याच्या बाटल्या ठराविक वेळाने बदलायची, एकाच बाळाची सोपी पेटी आली. हवा ओलसर राहावी म्हणून आत ओला स्पंज ठेवत. फ्रेंचमध्ये या पेटीला कूव्हूज म्हणतात. त्या शब्दाचा दुसरा अर्थ खुडूक कोंबडी असाच आहे.

अशा बाळांना ऊब देण्याचे प्रयत्न याआधी झाले नव्हते असे नाही. बोर्दो शहरात दन्यूसे यांनी १८५७ साली दुहेरी भिंतीचा गरम पाळणा वर्णन केला होता. जर्मनीत क्रेडे यांनीही तसाच टब वापरला होता. पण तार्निये यांना आकडे मांडायची जुनी सवय होती आणि तीच इथे उपयोगी पडली. त्यांचे सहकारी ओव्हार यांनी १८८३ साली नोंदी प्रसिद्ध केल्या. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या शंभर बाळांमागे पूर्वी ६६ दगावत, पेटी आल्यावर ३८ दगावू लागली. आजच्या काटेकोर कसोटीवर ही तुलना कच्ची ठरेल, पण अशी बाळे जगायची नसतातच हा समज तिने मोडला.

नुसती ऊब पुरत नाही हेही तार्निये यांनी ओळखले. ज्यांना चोखता येत नाही त्या बाळांना ते रबराच्या बारीक नळीने थेंब थेंब दूध पोटात घालू लागले. आजही नवजात शिशू विभागात नाकातोंडातून घातलेली बारीक नळी दिसते ती याच वाटेवरची. ऊब, दूध आणि जंतूंपासून बचाव, ही त्यांची त्रिसूत्री अद्याप बदललेली नाही. शुद्ध हवा, कोरडे अंथरूण, वेळेवर दाणापाणी आणि आजारी पिलू वेगळे ठेवणे हे कुक्कुटपालकही जाणतोच.

१८८४ साली तार्निये पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १८९१ साली वैद्यक अकादमीचे अध्यक्ष. ज्या अकादमीच्या पिढीला त्यांचा संसर्गाचा सिद्धांत पटत नव्हता, तिच्याच प्रमुखपदी ते बसले. १८९३ साली मातेर्नितेत मुख्य सुईण मादाम आन्री यांच्या पुढाकाराने अशक्त बाळांचा वेगळा विभाग सुरू झाला. २३ नोव्हेंबर १८९७ रोजी तार्निये यांचे निधन झाले. १९०५ साली त्यांच्या नावाच्या प्रसूतिगृहाच्या भिंतीवर त्यांचे शिल्प बसवले गेले.

त्यांच्या पेटीचे पुढे काही ठिकाणी विचित्र हाल झाले. १८९६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात जिवंत बाळांसह पेट्या मांडल्या गेल्या आणि लोक तिकीट काढून पाहायला आले. त्याहून गंभीर गोष्ट तार्निये यांचे शिष्य प्येर ब्यूदँ यांच्या ध्यानात आली. बाळ पेटीत, आई दूर, असे बरेच दिवस गेले की आईची माया आटते, दूधही आटते. म्हणून आईने बाळाजवळ राहावे आणि स्वतः पाजावे असा आग्रह ब्यूदँ यांनी धरला.

१९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा डॉ. एदगार रेय यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधले. तीच आजची कांगारू पद्धत. महाराष्ट्रात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत शिकवलेल्या आरोग्यदूतांकरवी घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन दाखवली. तिथे नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली जगासमोर आले. त्या कामातही बाळाला उबदार ठेवणे हा महत्त्वाचा धडा होता.

म्हणून कमी वजनाचे बाळ घरी आले की पहिली आंघोळ लांबवावी, डोक्याला टोपी आणि पायात मोजे घालावेत, आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि वरचेवर आईचेच दूध पाजावे. बाळाचे पोट आणि तळपाय दोन्ही गार लागले, ते मलूल झाले किंवा दूध ओढेनासे झाले, तर त्याला छातीशी धरूनच तातडीने रुग्णालय गाठावे. खुडूक कोंबडी पिसे फुगवून पिलांवर बसते ती याच कामासाठी. तार्निये यांनी तिचे काम एका पेटीला शिकवले. आई जवळ असेल तर ते आईला आधीपासूनच येते.