बांधून घेणारा माणूस

डॉ. होमी भाभा थोर अणुशास्त्रज्ञ होते, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मला त्यांच्याविषयी कुतूहल आहे ते निराळ्याच कारणासाठी. ते आर्किटेक्ट नव्हते. पण आर्किटेक्टकडून चांगले काम करून घेणारी जी मोजकी माणसे आपल्याकडे झाली, त्यांत त्यांचे नाव फार वर लागेल. मी ट्रॉम्बेचा रहिवासी, नोकरी बँकेत झाली. घरबांधणीच्या कर्जाचे शेकडो नकाशे माझ्या टेबलावरून गेले. त्यांत चौरस फुटांचा हिशेब चोख असे. वारा कुठून येईल, खिडकीतून काय दिसेल, याचा विचार क्वचितच आढळे.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत, सुखवस्तू पारशी घरात झाला. सर दोराबजी टाटा हे त्यांच्या आत्याचे यजमान. मुलाने इंजिनीअर होऊन जमशेदपूरचा पोलाद कारखाना सांभाळावा, ही वडीलधाऱ्यांची इच्छा. १९२७ साली ते केंब्रिजला गेले, इंजिनीअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि मग भौतिकशास्त्राकडे वळले. चित्रकला मात्र सुटली नाही. तिथल्या विद्यार्थ्यांनी बसवलेल्या मोझार्टच्या एका संगीतिकेचे नेपथ्यही त्यांनी केले. यंत्राची रेघ आणि कुंचल्याची रेघ, दोन्ही एकाच हाताला वळणी पडल्या.

१९३९ साली ते सुट्टीवर मायदेशी आले, युद्ध पेटले आणि ते इथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. काही वर्षे संस्थेने बंगल्यात आणि यॉट क्लबच्या जुन्या इमारतीत दिवस काढले. पुढे कुलाब्याच्या टोकाला तिची स्वतःची वास्तू उभी राहिली. आर्किटेक्ट शिकागोचे हेल्मुट बार्ट्श. १९५४ साली पायाभरणी, १९६२ साली उद्घाटन, दोन्ही पंडित नेहरूंच्या हस्ते. आतल्या भिंतीवर हुसेन यांचे भव्य चित्र आले.

ट्रॉम्बेची कहाणी याच काळातली. तुर्भे हे त्याचे जुने नाव. इकडे डोंगर, तिकडे खाडी, समोर घारापुरी आणि कडेला कोळ्यांची वस्ती. इथे १९५६ साली ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, १९६० साली घुमटाची ‘सायरस’. अणुभट्टीच्या आराखड्याइतकेच लक्ष भाभा बागांच्या आखणीकडे देत. झाड आड आले तर तोडू नये, मुळांसकट दुसरीकडे लावावे, हा त्यांचा आग्रह. सायरस २०१० साली बंद झाली. झाडे मात्र वाढतच राहिली.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून भाभा गेले. तोवर आपल्याकडे आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला कायद्याची अट नव्हती. वास्तुविशारदांविषयीचा कायदा १९७२ साली झाला, परिषद स्थापन झाली, पदवी आणि नोंदणीशिवाय ती पाटी लावता येईना. व्यवसायाला प्रतिष्ठा आली. पुढे ड्रॉइंग बोर्ड जाऊन संगणक आला आणि आठवड्याचे काम दिवसावर आले.

पण कायद्याने आर्किटेक्टची पात्रता ठरते. त्याच्याकडून काय मागायचे, हे बांधून घेणाऱ्यालाच ठरवावे लागते. पूर्वी तो संस्थानिक असे, शेटजी असे, सरकार असे. स्वातंत्र्यानंतर भाभांसारखे संस्था उभारणारे आले. आज आमच्या चेंबूर-ट्रॉम्बे भागात जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत, आणि बांधून घेणारे आहोत तुम्ही-आम्ही, सोसायटीचे सभासद. सभेत पहिला प्रश्न जादा फुटांचा, दुसरा कॉर्पसचा. आर्किटेक्ट बहुधा बिल्डरच नेमतो आणि तो बिचारा कोपऱ्यात नकाशाची गुंडाळी घेऊन बसतो. त्याने पाच वर्षे काय शिकून घेतले, हे त्याला कुणी विचारत नाही. मग तोही हळूहळू फुटांपुरताच उरतो.

पुढच्या सभेत त्याला एवढेच विचारून पाहा, की आवारातली जुनी झाडे नव्या नकाशात कुठे आहेत. पाहा तो कसा खुर्ची पुढे ओढून गुंडाळी उलगडू लागतो.